रेल्वेचा इतिहास झटपट कसा पाडावा

अमेरिकेच्या रेल्वेवर लेख लिहायचाय? मग अभ्यासाचं खूळ आधी डोक्यातून काढा. मला ते होतं. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाला लेख दिला, छापून आला तर माझं 'प्रोमॉन्टरी समिट' (पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ 1869 साली जिथे जुळले आणि अमेरिका आडवी जोडली गेली, ती युटामधली जागा) गायब, त्या जागी 'प्रोमॉन्टरी पॉइंट'! संपादकांना फोन लावला. "अहो, तेव्हाच्या पेपरांतच पॉइंट आहे, मी स्वतः बघितलं," हे त्यांनी वर मलाच ऐकवलं. तेव्हा पहिला धडा घ्या: दीडशे वर्षांपूर्वी छापलंय ना, मग खरंच असणार. पिवळा पडलेला कागद कधी खोटं बोलतो का?

तारीखही पेपरातूनच उचला. रूळ जुळायचा मुहूर्त 8 मे 1869 चा ठरला होता, आणि सॅन फ्रान्सिस्कोने त्याच दिवशी मिरवणूक काढून घेतली. जोडणीच्या समारंभासाठी घडवलेल्या सोन्याच्या खिळ्यावरही तीच तारीख कोरलेली. प्रत्यक्षात रूळ जुळले 10 मेला. पूर्वेकडून रूळ टाकत आलेल्या युनियन पॅसिफिक कंपनीचे उपाध्यक्ष थॉमस ड्युरांट यांचा डबा वायोमिंगमध्ये मजुरांनी अडवून धरला होता, पगार थकले म्हणून. असल्या फुटकळ गोष्टी लेखात नकोत. पत्रिका वाटून झाल्यावर मुहूर्त टळला, हे कुणी चारचौघांत सांगतं का?

सोन्याचा खिळा घण घालून 'ठोकला' असंच लिहा. आधी पाडलेल्या भोकात तो नुसता ठेवला आणि मग काढूनही घेतला, असं सांगून वाचकाचा विरस कशाला करायचा?

रेल्वे कंपन्या संपादकांना फुकट पास देत, त्याचा बातम्यांशी काडीचा संबंध नाही. आईशप्पथ.

चिनी मजूर एका ओळीत उरका. 'कष्टाळू होते', बास. पश्चिमेकडून रूळ टाकत आलेल्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीचे बहुतेक मजूर तेच होते, हे कुणाला हवंय? जून 1867 मध्ये सिएरा नेवाडाच्या डोंगरात त्यांतले तीनेक हजार जण एकदमच काम टाकून बसले. महिन्याला 35 डॉलर मिळत, 40 हवे होते, आणि बोगद्यातले तास कमी. कंपनीचं बांधकाम बघणाऱ्या चार्ल्स क्रॉकरने त्यांच्यावर हात उचलला नाही. त्यांची रसद तोडली. आठवडाभरात उपाशी माणसं मुकाट कामावर आली. क्रॉकर काय म्हणाला, कंपनी काय म्हणाली, हे सगळं कागदावर सापडतं. मजूर काय म्हणाले? पगारपत्रकात नाव मुकादमाचं, त्याच्या हाताखालच्या टोळीचं नाही. त्या हजारोंपैकी एकाचं पत्र, एकाची रोजनिशी आजवर सापडलेली नाही. म्हणून तर पेपर सावकाश वाचायचा असतो हो! कोण बोलतंय, कुणाच्या पैशाने बोलतंय, आणि कोण गप्प आहे ते बघत. माझ्या लेखात या संपावर दोन परिच्छेद होते. ते 'जागेअभावी' गेले. त्या जागेत मिठाईवाल्याची जाहिरात होती. अर्धं पान. काजूकतली.

जाऊ दे, आता चेष्टा पुरे. संपादकसाहेब, तुम्ही पेपर वाचला नाहीत, शोधाच्या चौकटीत एक शब्द टाकलात आणि जे वर आलं ते उचललंत. एका बातमीदाराने तारेवर चूक पाठवली, दुसऱ्या गावच्या पेपरने ती जशीच्या तशी घेतली, तिसऱ्याने दुसऱ्याची घेतली. ही एकच चूक तुम्हाला दहा ठिकाणी दिसली आणि तुम्ही तिला दहा पुरावे समजलात! समिट ग्रेट सॉल्ट लेकच्या उत्तरेला, डोंगरात. पॉइंट त्याच सरोवरात घुसलेल्या जमिनीच्या टोकाला, सुमारे 35 मैल दक्षिणेला. तिथून रूळ गेले ते 1904 साली. नकाशा उघडायला दोन मिनिटं लागली असती. मला फोन करायला एक. आणि नंबर नव्हता म्हणू नका. मानधनाची आठवण करताना तीन वेळा पाठवलाय.