कार्पेटचं वय, भिंतीचा रंग

भाच्याने कोथरूडचं भाड्याचं घर सोडलं आणि मालकांनी डिपॉझिटमधून अख्ख्या घराच्या रंगकामाचे पैसे कापून घेतले. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार झाले होते, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं तो तिथे राहिला. आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस यावरून जुंपली. तरुण मंडळींचं म्हणणं, मालक लुटतात. माझ्या सासऱ्यांचा स्वतःचा एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. ते म्हणाले, "जागोजागी खिळे ठोकायचे, ओट्यामागची भिंत तेलकट करून ठेवायची, आणि रंगाचा खर्च आम्ही सोसायचा का?" मला दोघांचंही पटत होतं. पण त्या भिंतीला शेवटचा रंग कधी दिला होता, हे दोन दिवसांत एकानेही विचारलं नाही.

मला तो प्रश्न सुचला, कारण मी तो इथे एका कार्पेटमुळे शिकले.

मी इंग्लंडमध्ये, लीड्सला राहते. इथे भाड्याच्या घरांत बहुतेक वेळा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट ठोकलेलं असतं. आमच्या पहिल्या घरातलं फिकट बदामी होतं. दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून वरणाची वाटी त्यावर पडली. मी घाईघाईने साबणाचं पाणी आणून चोळायला लागले आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालसर झाला. हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, हे लहानपणापासून माहीत होतं. साबणातला क्षार तेच करतो, हे त्या दिवशी कळलं. हळदीचे डाग आपण उन्हात घालवतो. खोलीभर ठोकलेलं कार्पेट कोणत्या उन्हात टाकणार, तेही नोव्हेंबरात? आता काही सांडलं की मी आधी कोरडं फडकं दाबून टिपते, कडेकडून मध्याकडे, आणि अजिबात चोळत नाही. खिडकीजवळचा तो डाग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुसट झाला, पण पूर्ण गेला नाही.

घर सोडताना मालकाने नव्या कार्पेटचे सगळे पैसे मागितले, ६०० पौंड. मी द्यायला निघालेच होते. डाग माझाच होता ना!

पण इथे डिपॉझिट मालकाच्या भरवशावर नसतं. एप्रिल २००७ पासून ते सरकारमान्य योजनेखाली सुरक्षित करावं लागतं, ३० दिवसांच्या आत. न केल्यास मालकाला डिपॉझिटच्या एक ते तीन पट दंड होऊ शकतो. कापाकापीवरून वाद झाला तर योजनेचा त्रयस्थ माणूस फुकट निवाडा करतो, आणि नुकसान सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. आमच्या निवाड्यात पहिला प्रश्न कार्पेटच्या वयाचा निघाला. त्याचं आयुष्य ८ वर्षं धरलं, त्यातली ६ सरलेली होती. उरलेल्या २ वर्षांचे, म्हणजे १५० पौंड मी दिले. दारापासून सोफ्यापर्यंत पायवाटेसारखं दबलेलं होतं, त्याचा एक पैसाही लागला नाही. ती रोजच्या वावराची झीज. तिचा मोबदला भाड्यात येतोच.

इथलं सगळं गोडच आहे असं नाही. भाडी पगार खातात, आणि स्वस्तातलं पॉलिप्रॉपिलीनचं कार्पेट टाकून त्याने दहा वर्षं नव्यासारखं दिसावं अशी अपेक्षा करणारे मालक मी पाहिलेत. त्या धाग्यावर डाग सहसा धरत नाही, पण तो चालून चालून चपटा होतो. लोकर पुन्हा उभारी धरते, पण तिला कसर लागते. माझ्या मते जेवायच्या जागी कार्पेट घालूच नये, साधी फरशी बरी.

आपल्याकडे तर डिपॉझिटचा आकडा सरकारदरबारी नोंदलेला असतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे, आणि मुद्रांक शुल्क मोजताना परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाचं १० टक्के व्याजसुद्धा हिशेबात धरतात. घेताना इतकी बारकाई! परत देताना मात्र मालक म्हणेल तो हिशेब. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी डिपॉझिटची मर्यादा सुचवली. मर्यादा हवीच. पण दोनच महिन्यांचं डिपॉझिट असलं तरी ते रंगात बुडू शकतंच.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. सासऱ्यांनी रात्री फोन केला. म्हणाले, "अगं, आपल्या फ्लॅटला मी २०१७ ला रंग दिला होता. म्हणजे मागच्या भाडेकरूकडून मी जास्तच कापले." ते पैसे परत करायचं त्यांच्या मनात आहे, भाडेकरूचा नंबर शोधतायत.

भाच्याने नवं घर घेतलंय. सामान आत न्यायच्या आधी त्याने चारही खोल्यांच्या भिंतींचे फोटो काढून मालकांना पाठवले आणि करारात एक ओळ घालायची विनंती केली. मालक कुरकुरले, पण घातली: "शेवटचे रंगकाम २०२२."