माझ्या दादाला माज आलेला नाही

आज म्हापशाच्या बाजारात चवथीच्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या मंडपीसाठी, आंबाडे, कवंडळं घेत होते. वाड्यावरची एक काकी भेटली. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग म्हणते, "तुझ्या दादाला माज आलाय गो. चवथीच्या आरतीलाही फिरकत नाही. पूर्वी आरतीत वाजवायला घुमट घेऊन सगळ्यांच्या पुढे असायचा." तिथे मी हसून निघाले. घरी आल्यापासून डोकं फिरलंय.

दादा क्रूझवर कुक होता. 2020 च्या लॉकडाउनमध्ये जहाज समुद्रातच अडकलं. एकदाचा गोव्यात उतरला, क्वारंटाइन काढलं, निगेटिव्ह रिपोर्ट खिशात घालून आला, तर वाड्याच्या तोंडाशी माडाचं खोड आडवं टाकलेलं. पलीकडे उभी कोण? आमचीच माणसं. दर सुट्टीत ज्यांच्या पोरांना तो चॉकलेटं वाटायचा तीच. ही काकीसुद्धा होती, तोंडाला पदर लावून. पंच आले, पोलीस आले, तेव्हा कुठे रात्री तो घरात शिरला.

भीती सगळ्यांनाच होती, मान्य. आमच्याही घरात म्हातारी आई होती. बस, याहून जास्त मान्य करणार नाही.

मग 1 नोव्हेंबर 2020 ला कॅसिनो उघडले, किनारे गजबजले आणि आपण ठरवून टाकलं की सगळं सुरळीत झालं. 2021 च्या मे महिन्यातल्या दुसऱ्या लाटेचं तर कुणी नावही काढत नाही. ऑक्सिजनसाठी रात्ररात्र धावलेली माणसं आज आपल्याच शेजारी राहतात. विचारलंय कधी, झोप लागते का?

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की महामारीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य जगभरात 25 टक्क्यांनी वाढलं. ती वाढ काय गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या चेकपोस्टवरून परत पाठवली होती आपण?

दादाचं सांगते. तो अजून आपलं ताट-पेला वेगळा धुतो आणि मागच्या खिडकीत पालथा घालतो. कुणी सांगितलेलं नाही. आईने किती वेळा ते ताट उचलून सगळ्या भांड्यांत मिसळलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीत. दारात कुणी आलं की आधी दोन पावलं मागे सरतो, मग बोलतो. याला माज म्हणतात?

"बांबोळीला ने त्याला," म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, असंही खिदळत सांगून झालंय लोकांचं. नेलं होतं हो. डॉक्टर चांगल्या होत्या, झोप सुधारली, आता पुन्हा हॉटेलात कामाला जातो. त्यात लाज कसली? ज्यांना जाणं जमत नाही त्यांच्यासाठी 14416 हा टेलीमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, फुकट नंबर आहे, लावा. पण खोड टाकलं ते वाड्याने. त्याबद्दल चार शब्दसुद्धा डॉक्टरांनीच येऊन बोलायचे का?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. काकी वाईट नाही. त्याच वर्षी तिचा नवरा गेला, मोजक्याच माणसांत सगळं उरकावं लागलं, तिलाही धड रडायला मिळालं नाही. आम्हीही गेलो नव्हतो. तिच्या आत काय साचलंय ते तरी कुणी विचारलं?

वाड्यावरचे बरेच जण हे वाचतील. खाली "काळजी घे" लिहून हात जोडू नका. दादाने आरतीला यायला हवं असेल तर गेटवरून हाक मारू नका, आत या, बसा, चहा घ्या. काकी, तूसुद्धा ये. तो नाही म्हणाला तर पुढच्या चवथीला पुन्हा विचारा.