‘सहा महिन्यांत ग्रंथपाल’: गोव्यात साखळीला पोहोचलेल्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाच्या सुमारास साखळीहून माझ्या धाकट्या बहिणीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पाठवला आणि त्याखाली एवढेच विचारले, ‘ताई, पैसे भरू काय?’ संदेशावर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण होती. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, यंदा बी.ए. झाली आहे. मावशी ग्रंथपाल आहे म्हणून आपणही त्या वाटेने जावे असे तिच्या मनात आहे, आणि नेमका हाच संदेश तिच्या तीन मैत्रिणींकडून तिच्याकडे आला होता. पहिल्या हप्त्यासाठी बहीण पतसंस्थेतली ठेव मोडायला निघाली होती. एरवी असल्या संदेशांना मी उत्तर देत बसत नाही, पण मोडायला निघालेली ठेव घरचीच असल्यामुळे हे लिहिते आहे.

संदेशातले दावे थोडक्यात असे आहेत. सहा महिन्यांची ‘ग्रंथालय व्यवस्थापन पदविका’ ही सरकारमान्य असून बी.लिब.च्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या, समकक्ष आहे. ती घेतली की महाविद्यालयात ग्रंथपालाची नोकरी मिळते, नेट-सेट या पात्रता परीक्षा लागत नाहीत आणि मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. इग्नूसारख्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) दूरस्थ पदव्या सरकारी नोकरीत चालत नाहीत. ग्रंथपालाचे काम म्हणजे पुस्तके देणे-घेणे, आणि आता एआय आल्यामुळे तेही बसल्या जागी होते. गोव्यात शेकडो जागा रिकाम्या आहेत. शुल्क ३८,००० रुपये असून पहिला हप्ता चवथीपूर्वी भरल्यास सवलत मिळेल.

आधी पगाराचे पाहू, कारण मुलींना भुरळ पडते ती त्या आकड्याने. ५७,७०० हा आकडा खोटा नाही. सातव्या वेतन आयोगानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनरचनेत स्तर १० ची सुरुवात याच मूळ वेतनाने होते आणि महाविद्यालयीन ग्रंथपालाची नेमणूक याच स्तरावर होते. परंतु ज्या नियमावलीमुळे हा स्तर मिळतो, त्या जुलै २०१८ च्या अनुदान आयोगाच्या नियमावलीतच महाविद्यालयीन ग्रंथपालाची किमान पात्रता स्पष्ट दिलेली आहे: ग्रंथालयशास्त्र, माहितीशास्त्र किंवा प्रलेखनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी किंवा तत्सम व्यावसायिक पदवी किमान ५५ टक्के गुणांसह, सातत्याने चांगली शैक्षणिक कामगिरी, ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचे ज्ञान आणि त्याउपर नेट किंवा सेट. नियमांनुसार पीएच.डी. मिळवलेल्यांना नेटमधून सूट आहे, एवढाच काय तो अपवाद. म्हणजे संदेश लिहिणाऱ्याने एका नियमावलीतला पगार उचलला आणि त्याच नियमावलीतली पात्रता गाळली. हे अनवधानाने झाले असे मानायला मी तयार नाही, कारण ज्याला वेतनस्तराचा अचूक आकडा सापडला त्याला पात्रतेचा परिच्छेद सापडला नसेल, हे मनाला पटत नाही.

आता ‘समकक्ष’ आणि ‘सरकारमान्य’ या दोन शब्दांकडे वळू, कारण फसवणुकीचे मूळ तिथे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. दुसऱ्या कोणी आपला कागद पदवीच्या ‘समकक्ष’ आहे असे स्वतःच छापले म्हणून तो समकक्ष होत नाही. संदेशासोबतच्या माहितीपत्रकावर तीन नोंदणी क्रमांक ठळक छापलेले आहेत: संस्था नोंदणीचा, आयएसओचा आणि उद्यम नोंदणीचा. संस्था नोंदणी म्हणजे काही माणसांनी एकत्र येऊन संस्था काढली याची सरकारदरबारी नोंद, आणि ती भजनी मंडळाचीही होते. आयएसओचे प्रमाणपत्र कामकाजाच्या पद्धतीविषयी असते आणि ते देतात प्रमाणन करणाऱ्या कंपन्या. उद्यम नोंदणी ही लघुउद्योजकाने स्वतःच्या घोषणेवर ऑनलाइन करायची नोंद आहे. यांतल्या एकाचाही अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी काडीचा संबंध नाही. विद्यापीठाचे नाव मात्र त्या चकचकीत पत्रकावर कुठेही नाही.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातल्या जागेसाठी आलेल्या अर्जांची छाननी करायला मी बसले होते. एका मुलीचा अर्ज अतिशय नेटका होता. प्रत्येक कागद पारदर्शक पाकिटात होता आणि सगळ्यांत वर सोनेरी मोहोर उमटवलेले, प्लॅस्टिकमध्ये मढवून घेतलेले प्रमाणपत्र होते. अर्जातल्या ‘विद्यापीठाचे नाव’ या रकान्यात तिने त्या खासगी संस्थेचेच नाव स्वच्छ अक्षरात लिहिले होते. शेजारी बसलेल्या कार्यालयीन कर्मचाऱ्याने त्या रकान्यावर तांबड्या पेनाने एक छोटी फुली मारली आणि अर्ज डावीकडच्या गठ्ठ्यात सरकवला. सगळे मिळून दहा सेकंदसुद्धा लागले नसतील. तिला मुलाखतीचे पत्र गेले नाही आणि ते का गेले नाही हे तिला कोणी कळवले असेल असे वाटत नाही, कारण तशी पद्धतच नाही. संस्थेने मात्र तिच्याकडून घ्यायचे ते पैसे घेतलेले होते, आणि कदाचित ती आजही नशिबाला दोष देत असेल.

इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य केली पाहिजे. पदविका कुठेच चालत नाही असे नाही. केंद्रीय विद्यालयाच्या ग्रंथपालासाठी ग्रंथालयशास्त्राची पदवी किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीसोबत ग्रंथालयशास्त्राची एक वर्षाची पदविका, अशी पात्रता लावली जाते, आणि शाळेच्या ग्रंथपालाला नेट लागत नाही. पण ती पदविका एक वर्षाची असते आणि मान्यताप्राप्त संस्थेची असावी लागते. संदेशातली सहा महिन्यांची आहे आणि तिला कोणाची मान्यता आहे हे सांगायला कोणी तयार नाही. बहिणीला मी संदेशातल्या क्रमांकावर फोन करून एवढेच विचारायला सांगितले, की प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे नाव असेल. ‘मॅडम, ते प्रवेश झाल्यावर कळवतो, आज सीट बुक करा,’ असे उत्तर तिला मिळाले.

दूरस्थ पदवी चालत नाही, हा दावा तर उघड खोटा आहे. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाविषयी आयोगाची २०२० ची नियमावली आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाने आयोगाच्या परवानगीने चालवलेल्या अभ्यासक्रमाची दूरस्थ पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, असे तीत नमूद आहे. इग्नू हे संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ असून त्याच्या बी.लिब. आणि एम.लिब. (पदव्युत्तर) या पदव्यांवर नोकरीला लागलेली कितीतरी माणसे आपल्या गोव्यातल्या ग्रंथालयांत काम करीत आहेत. विद्यापीठाची पदवी चालत नाही पण आमची पदविका चालते, असे एकाच दमात म्हणायला धाडस लागते.

आता कामाविषयी. ‘पुस्तके देणे-घेणे’ हे वर्णन वाचून राग येण्याचे माझे वय राहिलेले नाही, तरीही एक प्रसंग सांगते. गेल्या वर्षी इतिहासाची एक विद्यार्थिनी साखळीविषयी जुने साहित्य शोधत आली होती. तिने आधी एआयला विचारून पाच संदर्भांची यादी आणली होती, त्यांत लेखकाचे नाव, वर्ष, पृष्ठक्रमांक, सगळे झोकात होते. त्यांतले तीन ग्रंथ कोणत्याही तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या ग्रंथसूचीत, सापडेनात, कारण ते कोणी लिहिलेलेच नव्हते. त्यानंतर तिने आमच्या संगणकीय तालिकेत गावाचे नाव आपण उच्चारतो तसे रोमन अक्षरांत टाइप केले, तर एकही नोंद आली नाही. नोंदी होत्या, पण त्या पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या, क्यू अक्षर असलेल्या ‘सांकेलिम’ या नावाखाली होत्या. आपल्याकडे डिचोलीचे ‘बिचोलिम’ होते, आणि १८४३ पासून पणजी कागदोपत्री ‘नोव्हा गोवा’ होती. अशा वेळी प्रमाणित नावाच्या नोंदीत, मार्क २१ या तालिकेच्या नोंदींच्या संगणकीय आराखड्यातल्या ४५१ क्रमांकाच्या क्षेत्रात, पर्यायी नावे भरून ठेवावी लागतात, म्हणजे वाचकाने कोणतेही नाव दिले तरी तो योग्य कपाटाशी पोहोचतो. ते काम आमच्याकडे अर्धवट राहिले होते, ही चूक आमचीच, आणि त्या दुपारी मी ते पुरे केले. मुलीला पुढे पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात पाठवले. १८३२ साली स्थापन झालेल्या त्या ग्रंथालयात जुन्या वृत्तपत्रांचा जो संग्रह आहे तो कोणत्या नावाखाली आणि कोणत्या भाषेत शोधायचा, हे चिठ्ठीवर लिहून दिले. सहा महिन्यांच्या पदविकेत यातले काय शिकवणार, हे माहितीपत्रकात दिलेले नाही. त्यात ‘व्यक्तिमत्त्व विकास’ मात्र आहे.

शेकडो रिकाम्या जागांबद्दल फार लिहीत नाही. जागा अडून राहतात, कंत्राटी नेमणुका होतात, शाळांत ग्रंथपालाला बदली तासांना पाठवतात, हे खरे आहे आणि त्याचा मला त्रासही होतो. पण संदेशात ‘गोव्यातील ड वर्ग वाचनालयांना ग्रंथपाल सक्तीचा’ असे एक वाक्य आहे आणि ते वाचून मी मोठ्याने हसले. सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग महाराष्ट्रात आहेत, तिथल्या १९६७ च्या कायद्याखालच्या व्यवस्थेत. गोव्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा वेगळा, १९९३ चा. सिंधुदुर्गासाठी किंवा कोल्हापुरासाठी लिहिलेल्या संदेशात नुसते राज्याचे नाव बदलून तो सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून आत सोडला आहे. गोव्यात सरकारी नोकरीसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, जाहिरातीत कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट असे छापलेले असते (त्यावरचा वाद आज उकरत नाही), याचा त्या संदेशात उल्लेखही नाही.

भाचीला मी काय सांगितले तेही लिहिते, कारण तिच्या त्या तीन मैत्रिणींनी हे वाचावे अशी इच्छा आहे. आधी मान्यताप्राप्त विद्यापीठातून बी.लिब. आणि नंतर एम.लिब. करायची. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात, आणि शुल्क भरण्यापूर्वी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचे आणि अभ्यासक्रमाचे नाव स्वतः पाहायचे. एम.लिब.ला खुल्या वर्गासाठी ५५ टक्के म्हणजे ५५ टक्केच, ५४.९ ला नेटमध्ये पूर्णांक करून मिळत नाही. नेटमध्ये आपल्या विषयाचा क्रमांक ५९ आहे. पहिला पेपर १०० गुणांचा, दुसरा २०० गुणांचा, उणे गुण नाहीत, आणि एम.लिब.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेते ती सेटही द्यावी. दरम्यान कोहा शिकायचे. हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचे असल्यामुळे घरच्या संगणकावर विनामूल्य बसवता येते, आणि मुलाखतीत ‘कोहा येते काय’ असे विचारल्यावर पन्नास पुस्तकांची तालिका स्वतः केलेली असेल तर बोलायला काहीतरी हाताशी असते. इन्फ्लिबनेट या अनुदान आयोगाच्या केंद्राची, महाविद्यालयांना ई-पुस्तके व ई-नियतकालिके पुरवणारी एन-लिस्ट आणि २०२५ पासून सुरू झालेली ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना काय आहे हे वाचून ठेवायचे. सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना खुली करणारी ही योजना आहे, आणि ती नियतकालिके वाचकापर्यंत पोहोचवणे हे तिथल्या ग्रंथपालाचे काम आहे. नेट होईपर्यंत शाळांच्या जाहिरातींकडे लक्ष ठेवायचे, कारण तिथे बी.लिब.वर अर्ज करता येतो.

बहिणीने ठेव मोडली नाही. भाची शनिवारी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येणार आहे. आजोबांच्या कपाटातली मराठी पुस्तके तिने मोजली, तर ती त्रेसष्ट निघाली, आणि कोहात पहिल्या नोंदी त्यांच्याच करायच्या असे ठरले आहे.