प्रतिक्रियेला उत्तर : गोल्ड नेहमी ८०७ व्या बाइटवरच नसतं

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया कडक आहे आणि तिच्यातला मुख्य मुद्दा खरा आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : 'डायब्लो २' या कॉम्प्युटर गेमच्या सेव्ह फाइली (खेळाची प्रगती साठवणाऱ्या) पायथनने वाचायच्या-बदलायच्या लायब्ररीवरचा लेख वाचून नागपूरच्या या वाचकाने तीन हरकती घेतल्या आहेत. एक, लेखातल्या छोट्या नमुना कोडने पहिल्या कॅरेक्टरचं गोल्ड बरोबर बदललं, पण दुसऱ्यावर (लेव्हल २०, ५ स्टॅट पॉइंट अजून न वापरलेले) १,९०,००० लिहिल्यावर गेम ती फाईल उघडेना. दोन, "चार बाइट बदलायले एवढी लायब्ररी काहून पाहिजे, हेक्स एडिटर आहे ना?" (म्हणजे फाइलीतले बाइट थेट दाखवून बदलू देणारा प्रोग्राम.) तीन, हे पोरांना चीटिंग शिकवणं आहे.

पहिल्या हरकतीत चूक लेखाची आहे, तुमची नाही. नमुना कोडमध्ये गोल्डची जागा ठोकून दिली होती : ८०७ वा बाइट, त्यातला २ क्रमांकाचा बिट (इथे बाइट आणि बिट शून्यापासून मोजले आहेत). ही जागा एकाच प्रकारच्या कॅरेक्टरला लागू पडते, आणि ते लेखात लिहायलाच हवं होतं.

का, ते बघा. १.१० पॅचपासूनच्या फाइलीत, म्हणजे ४ थ्या बाइटवर ९६ हा आवृत्ती क्रमांक असलेल्या फाइलीत, पहिले ७६५ बाइट ठरलेल्या जागांचे असतात. मग 'जी' आणि 'एफ' या दोन अक्षरांची खूण, आणि ७६७ पासून स्टॅट्स, म्हणजे कॅरेक्टरचे ताकद, लेव्हल, गोल्ड वगैरे आकडे. इथून पुढे बाइटचा हिशोब संपतो आणि बिटांचा सुरू होतो. प्रत्येक स्टॅटचा आधी ९ बिटांचा क्रमांक, मग त्याची किंमत. स्ट्रेंग्थ, एनर्जी, डेक्स्टेरिटी, व्हायटॅलिटी प्रत्येकी १० बिट. न वापरलेले स्टॅट पॉइंट १०, स्किल पॉइंट ८. लाइफ, माना, स्टॅमिना यांचे चालू आणि कमाल मिळून सहा आकडे, प्रत्येकी २१. लेव्हल ७, अनुभव ३२, जवळचं गोल्ड २५, पेटीतलं गोल्ड २५. शेवटी ५११ हा क्रमांक आला की यादी संपली.

खरी मेख अशी की किंमत शून्य असेल तर तो स्टॅट फाइलीत लिहिलाच जात नाही. सगळे पॉइंट वापरून झालेल्या कॅरेक्टरमध्ये गोल्डची किंमत (७६७ व्या बाइटपासून मोजून) ३२२ व्या बिटावर सुरू होते. ५ स्टॅट पॉइंट शिल्लक असले की १९ बिट वाढतात, ती ३४१ वर जाते. स्किल पॉइंटही शिल्लक असेल तर ३५८ वर. आणि जवळ गोल्डच नसेल तर फाइलीत त्याला जागाच नसते. ३४ नवे बिट मधे घुसवावे लागतात, पुढचं सगळं सरकतं, फाईलची लांबी बदलते आणि ८ व्या बाइटपासूनचा लांबीचा आकडाही बदलावा लागतो.

हेक्स एडिटरच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ठरलेल्या जागेवरचा एखादा बाइट बदलायला हेक्स एडिटर पुरतो, त्याबद्दल वाद नाही. पण ३४ बिट सरकवायचे म्हणजे ४ बाइट आणि वर २ बिट, हे हाताने करताना चूक होणारच. शिवाय प्रत्येक बदलानंतर १२ ते १५ या बाइटांतला चेकसम, म्हणजे फाईल बिघडलेली नाही हे तपासायचा आकडा, नव्याने काढावा लागतो. त्याची रीत : आधी ते चार बाइट शून्य करायचे, मग फाइलीच्या पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत दर बाइटला बेरीज एक बिट डावीकडे फिरवायची (डावीकडून पडलेला बिट उजवीकडे परत येतो) आणि तो बाइट मिळवायचा. बेरीज कायम ३२ बिटांतच ठेवायची. सी भाषेत ती आपोआप ३२ बिटांत राहते. पायथनचा पूर्णांक मात्र हवा तेवढा वाढतो, म्हणून दर फेरीला मास्क लावावा लागतो, म्हणजे खालचे ३२ बिट ठेवून वरचे टाकावे लागतात. शेवटी एकदाच मास्क लावला तर पायथन काही तक्रार करत नाही, चेकसम मात्र चुकतो. बदल करण्याआधी जुन्या फाइलीचाच चेकसम काढून तिच्यातल्या आकड्याशी जुळवून पाहा. इथेच जुळला नाही तर पुढे जाऊ नका.

बिट वाचायला पायथनमध्ये एक फार सोयीची वाट आहे. या फाइलीत सर्वांत कमी किमतीचा बिट आधी येतो. त्यामुळे स्टॅट्सचा तुकडा लिटल एंडियन (कमी किमतीचा बाइट आधी) पद्धतीने एकाच मोठ्या पूर्णांकात घेतला की हवा तेवढा उजवीकडे सरकवून मास्क लावायचा, की किंमत हाती. मात्र तुकडा कुठे संपतो हे ठरवायला पुढची 'आय-एफ' ही खूण शोधू नका. तेच दोन बाइट स्टॅट्सच्या बिटांतही योगायोगाने सापडू शकतात. ५११ येईपर्यंत वाचा, पुढच्या पूर्ण बाइटवर या आणि तिथे ती खूण आहे का ते तपासा. नसेल तर लायब्ररीने थांबलंच पाहिजे.

लायब्ररीला मी जास्त किंमत देतो ती अशा थांबण्यासाठी. लाइफ २५६ ने गुणून ठेवलेलं असतं. बार्बेरियनचं सुरुवातीचं ५५ लाइफ फाइलीत १४,०८० असतं. थेट ५०० लिहिलं तर लाइफ २ सुद्धा भरत नाही. लेव्हल दोन जागी असते, ४३ व्या बाइटवर आणि स्टॅट्समध्ये, आणि दोन्हीकडे सारखीच हवी. जवळच्या गोल्डची मर्यादा लेव्हल गुणिले १०,०००. नावाला १६ बाइट, त्यातला शेवटचा शून्य. कोणी हौसेने 'नागपूर' लिहिलं तर यूटीएफ-८ मध्ये त्याचे १८ बाइट होतात, आणि बाइटअ‍ॅरेच्या १६ बाइटांच्या तुकड्यात १८ बाइट भरले की पायथन निमूटपणे पूर्ण फाईल २ बाइटांनी लांब करतो. मग पुढची एकही जागा बरोबर राहत नाही. (हा गेम देवनागरी नाव घेत नाही, ते वेगळंच.) वस्तूंच्या भागाला ही लायब्ररी हातच लावत नाही, ते बाइट जसेच्या तसे परत लिहिते. 'रिसरेक्टेड' या गेमच्या नव्या आवृत्तीच्या, ९७ आणि पुढच्या क्रमांकांच्या फाइली ती सरळ नाकारते, कारण त्यांत वस्तूंचे कोड हफमन पद्धतीने (कमी-जास्त लांबीच्या बिटांत) लिहिलेले असतात.

लेखात राहून गेलेली अजून एक गोष्ट. मूळ फाइलीवर थेट लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाईल पूर्ण लिहा, डिस्कवर उतरवा, मग 'ओएस' मॉड्यूलमधल्या 'रिप्लेस'ने जागा बदला. मे महिन्यात नागपुरात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि अर्धवट लिहिलेली सेव्ह फाईल कोणत्याच कामाची नाही. तात्पुरती फाईल दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर 'रिप्लेस' चालत नाही. गेम आधी बंद करा, नाहीतर बाहेर पडताना तो स्वतःचीच प्रत वरून लिहील.

चीटिंगबद्दल : बॅटल.नेट या गेमच्या ऑनलाइन सेवेच्या बंद रिल्ममधली कॅरेक्टर्स सर्व्हरवर असतात, त्यांना या लायब्ररीने काहीच होत नाही. आपल्या मशीनवर एकट्याने खेळायच्या कॅरेक्टरचं काय करायचं तो ज्याचा त्याचा प्रश्न. होस्टेलच्या लॅनवर मित्रांसोबत बदललेलं कॅरेक्टर त्यांना न सांगता आणणं चूकच. इथे मी तुमच्या बाजूने आहे, आणि लेखात हे वाक्य घालतो.

आता तुमची फाईल. बॅकअप नाही म्हणालात, तरी ती दुरुस्त होईल. ३२२ व्या बिटापासून २५ बिट लिहिले गेले. त्यातले पहिले १० अनुभवाच्या वरच्या भागात पडले, म्हणून लेव्हल २० च्या कॅरेक्टरचा अनुभव २३४ कोटींवर दिसतो आहे. पुढचे ९ गोल्डच्या क्रमांकावर पडले : १४ च्या जागी १८५ झाला, आणि कॅरेक्टरच्या यादीत ० ते १५ च क्रमांक असतात. उरलेले ६ गोल्डच्या किमतीत गेले. लांबी बदललेली नाही, त्यामुळे पुढचं सगळं जागेवर आहे.

आधी या बिघडलेल्या फाइलीची प्रत करा. ३२२ ते ३३१ हे १० बिट शून्य करा. लेव्हल २० चा अनुभव खालच्या २२ बिटांत, म्हणजे ४१,९४,३०३ च्या आत, मावतो आणि ते बिट शाबूत आहेत. ३३२ पासून ९ बिटांत १४ लिहा. ३४१ पासून २५ बिटांत १,९०,००० लिहा. लेव्हल २० ची मर्यादा २,००,००० आहे, त्यामुळे हा आकडा चालेल. मग चेकसम. हे सगळे बिट ७६७ व्या बाइटपासून मोजायचे आहेत. नंतर लायब्ररीने फाईल वाचून काहीही न बदलता दुसऱ्या नावाने लिहा आणि दोन्ही बाइटन् बाइट जुळतात का पाहा. जुळल्या नाहीत तर पहिला फरक कितव्या बाइटवर आहे तेवढं इथे कळवा.