कॅल्शियम स्कोअर शून्य म्हणजे हृदयाला अभय नव्हे

‘पाच मिनिटांचा हार्ट सीटी करा. कॅल्शियम स्कोअर शून्य आला की दहा वर्षं अटॅकची चिंता नको, गोळ्याही बंद,’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. यातलं अर्धंच खरं आहे.

हृदयरोगतज्ज्ञ आर्थर ॲगॅट्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हा स्कोअर मांडला. या सीटीत डाय (धमन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) टोचत नाहीत. हृदयाच्या धमन्यांतले १३० हाउन्सफिल्ड युनिट (सीटीतलं घनतेचं एकक) किंवा त्याहून जास्त घनतेचे कॅल्शियमचे ठिपके तेवढे मोजतात. म्हणजे धमनीतला जुना, कडक झालेला थर मोजला जातो. चरबीचा मऊ थर यात धरलाच जात नाही, आणि तो फुटूनही गुठळी होते.

काहीच त्रास नसलेल्या माणसाचा स्कोअर शून्य असेल, तर पुढच्या काही वर्षांतला धोका खरोखर कमी असतो. पण तरुण, सिगारेट ओढणारे, मधुमेही यांनी त्यावर विसंबू नये. स्टेंट बसलेल्यांना तर हा स्कोअर बहुधा निरुपयोगीच. स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांनी स्कोअर उलट वाढूही शकतो, कारण मऊ थर कडक होतो. त्यामुळे आकडा वाढला म्हणून गोळी सोडणं हा शुद्ध वेडेपणा.

ब्लॉकेज पाहायचं तर सीटी अँजिओग्राफी. ती वेगळी तपासणी: आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहतात, नाडी मिनिटाला साधारण साठ ठोक्यांपर्यंत उतरवतात, मग आयोडीनचा डाय देतात.

आणि छातीत आत्ता दुखत असेल, तर सीटीची अपॉइंटमेंट घेत बसू नका. १०८ ला फोन करा. आधी ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, हे सांगणारी रक्ततपासणी).