झडपेचे वेगळे पडतील

हाताने केलेला फोटोंचा आल्बम कुणाला वाढदिवसाला दिला की लोक म्हणतात, "अगो, तू ह्याचा धंदाच का नाही करत?" मग धंदा सुरू केला की तेच लोक विचारतात, "म्हणजे आता पैसे घेणार?" ह्या दोन वाक्यांच्या मधे जी काही जागा उरते, तिथे मी गोव्यातल्या फोंड्यात गृहउद्योग चालवते.

जाहिरात सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतली. देवळात, बसमध्ये, मासळीवालीच्या टोपलीपाशी त्या सांगत सुटल्या, "आमची सून घरी कागदाचा धंदा करते." पहिलं गिऱ्हाईक वर्षभराची वर्तमानपत्रं सुतळीने बांधून दारात हजर झालं आणि किलोचा भाव विचारू लागलं.

किंमत ठरवायला नवरा बसला. जाड कार्डशीट, छापील फोटो, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, रिबिनी, आणि मजुरी. मजुरीचा रकाना मी लाजून रिकामा ठेवला होता, त्याने तो भरला. वीस पानांचे तीन हजार झाले. वहिनींनी कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, "म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात दीडशेला आल्बम मिळतो. वर नटीचं चित्रसुद्धा असतं." मी समजावलं की स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन असतं, त्यातून ॲसिड तयार होतं आणि कागद पिवळा पडतो, म्हणून मी लिग्निन नसलेला, ॲसिड-फ्री कागद वापरते. "म्हणजे ॲसिड नाही?" "नाही." "मग जे नाहीच त्याचे जास्त पैसे कसले?" ह्यावर अजून मला उत्तर सुचलेलं नाही.

त्यात आमचा पाऊस. जून लागला की हवेतच पाणी. कार्डशीट सादळलेल्या पापडासारखी वाकते, टेप गुपचूप सुटते आणि खळीचा वास लागला की कागद खाणारी कसर पंगतीला बसते. घरात कुणीही नवे बूट आणले की आधी मी खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या काढून घेते. बूट मापाचे आहेत का, हे नंतर.

सरकारी बाजू मात्र सोपी निघाली. उद्यम नोंदणी फुकट, आधारवर, घरबसल्या. जीएसटीसाठी माल विकणाऱ्याची उलाढाल चाळीस लाखांवर जावी लागते. माझ्याकडे पाहता ते संकट नातवंडांच्या वाट्याला येईल.

खरा घाम फोटोच काढतात. अर्धी गिऱ्हाइकं ते व्हॉट्सॲपवर पाठवतात, तेही कुणीतरी कुणाला तरी कुठून तरी पुढे ढकललेले. चार बाय सहा इंचांचा फोटो नीट छापायला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. आलेल्या फोटोत नवरदेव आहे की समई, इथूनच चर्चा सुरू होते. उरलेली अर्धी जुने चिकट पानांचे आल्बम आणतात. त्यातले फोटो पानाला असे धरून बसलेले असतात की ओढले तर आजोबांचा अर्धा चेहरा पानावरच राहील. त्यावर उपाय म्हणजे दात साफ करायचा धागा फोटोखाली हळूहळू सरकवायचा. आमच्या घरात त्या धाग्याची रिळं संपतात, दात तसेच.

एकदा गणपतीच्या चवथीला सगळं कुटुंब जमणार म्हणून एका आत्यांनी घराण्याचा आल्बम मागितला. पोर्तुगीज अमदानीतला एक फोटो होता, अंगणात, तुळशीपाशी सगळे ओळीने उभे. खाली नावं लिहायची होती. डावीकडून तिसरे कोण? एक म्हणे डिचोलीचे काका, दुसरी म्हणे काकांचा ड्रायव्हर. फोनवर फोन झाले, मुंबईच्या मामांनाही झोपेतून उठवलं. शेवटी "आणि मंडळी" असं लिहून मी सुटले.

एवढ्यावर भागलं नाही. आत्या हळूच स्वयंपाकघरात आल्या. "लग्नाच्या फोटोत धाकट्याची पहिली बायको आहे. कात्री आहेच ना तुझ्याकडे?" तिला कापली तर तिच्या खांद्यावर हात ठेवलेल्या आजी पण जात होत्या. मग मी फोटोवर कागदाची छोटी झडप केली, वर पिवळ्या शेवंतीचं फूल. झडप खाली तर शेवंती, वर केली तर पहिली बायको. आत्या खूश. चवथीला म्हणे अख्ख्या घराने तेवढीच झडप उघडून पाहिली, दुसऱ्या बायकोने सगळ्यांत आधी.

तेव्हापासून दरपत्रकात एक ओळ वाढली आहे: "झडप, नातलग झाकण्यासाठी, प्रत्येकी पन्नास रुपये." कागदाची घासाघीस होते, रिबिनीची होते, माझ्या मजुरीची तर रोज होते. झडपेला अजून कुणी एक रुपया कमी करा म्हटलेलं नाही. परवा वहिनींनीच चार सांगितल्या. त्यातली एक माझ्या नवऱ्यासाठी आहे.