‘चार झाडांच्या जोरावर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

परसातल्या आंब्याच्या फळगळीवरचा माझा लेख वाचून तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मी काल दुपारी वाचली, रात्री पुन्हा वाचली आणि आज सकाळी शिंपणं आटोपल्यावर तिसऱ्यांदा वाचली. आपल्याच वाचण्यात काही घोटाळा होतोय असं वाटलं, म्हणून तीनदा. पण घोटाळा नव्हता. तुम्ही खरोखरच असं लिहिलं आहे : ‘परसातल्या चार झाडांच्या जोरावर लोकांना सल्ले देणं तुम्ही थांबवावं. ज्याचं काम त्याला करू द्यावं.’

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. लेखात मी एवढंच म्हटलं होतं, की घरच्या आंब्याखाली कण्यांचा, म्हणजे नुकत्याच धरलेल्या बारीक फळांचा, सडा दिसला की लगेच औषधाच्या दुकानाकडे धावू नका. आधी आठ दिवस खाली पडलेलं फळ उचलून बघा. ते केवढं आहे, देठाशी कसं सुटलंय, कापल्यावर आत काय दिसतं. आणि फळं धरली की झाडाला पाणी द्या, बुंध्याभोवतीच्या आळ्यात पातेरा, म्हणजे वाळका पाला, पसरा. त्यावर तुमचे आक्षेप असे : पाण्याने गळ कमी होते हे मी सिद्ध केलेलं नाही, कारण मी पाणी घातलेलं कलम विहिरीजवळ आहे आणि न घातलेलं गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ), फळगळीवर फवारतात त्या एनएए या संजीवकाबद्दल (वाढीवर परिणाम करणाऱ्या द्रव्याबद्दल) मी लोकांना विनाकारण घाबरवलं, तुडतुडे ही कीड आणि भुरी हा बुरशीचा रोग दोन ओळींत उरकले, आणि दोनशे लिटर पाणी सांगताना झाडाचं वय सांगितलं नाही. त्यानंतर चार झाडांचं ते वाक्य.

वयाचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. तो मी आधी मान्य करते, म्हणजे ही बाई काही ऐकूनच घेत नाही असं कुणी म्हणायला नको. दीडशे ते दोनशे लिटर हे चांगल्या वाढलेल्या, भरपूर धरणाऱ्या झाडासाठी आहे. पाच-सहा वर्षांच्या कलमाला एवढं पाणी कुणी घालू नये. मी ते लिहायला हवं होतं. मूळ लेखात ती ओळ आज सकाळीच घातली आहे.

आता चार झाडांबद्दल.

आमच्या आगरात, म्हणजे घरामागच्या बागेत, अकरा आंबे होते. सहा हापूस, दोन पायरी आणि तीन रायवळ, म्हणजे कलम न करता बाठेपासून वाढलेले. रायवळांतला एक इतका जुना की माझ्या सासऱ्यांनाही तो कुणी लावला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या कैऱ्या घरात कुणी विकत घेतलेल्या कैरीसारख्या मोजल्या नाहीत, शेजारची चार घरं लोणच्याला त्याच झाडाखाली यायची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. सकाळपासून वारा वाढत गेला, दुपारी आम्ही माजघरात दाराला खाटा लावून बसलो आणि संध्याकाळी दार उघडलं तेव्हा मागच्या बाजूला आभाळ दिसत होतं. आगरात कधीच आभाळ दिसायचं नाही. सात आंबे पडले होते, पाच मुळांसकट उपटून आणि दोन मधोमध चिरून. पोफळी तर मोजण्याच्या पलीकडे. आंजर्ल्यापासून केळशीपर्यंत कोणत्याही घरात जाऊन विचारा, त्या दिवशी काय गेलं ते.

तेव्हा चार झाडं आहेत हे खरं. दोन हापूस, एक पायरी, एक रायवळ. ती चारच का आहेत, हे माहीत नसताना तुम्ही तो आकडा माझ्या तोंडावर मारलात, म्हणून मला लागलं. तुमची सहाशे कलमं आहेत असं तुम्ही लिहिलंय. देवाने तुम्हाला आणखी सहाशे द्यावीत. पण सहाशे कलमांखाली रोज सकाळी कोण वाकून बघतं हे मला सांगा. तुम्ही बघता? मी बघते.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बघते. सासूबाई मला हिराची केरसुणी द्यायच्या आणि म्हणायच्या, झाड आधी, मग अंगण. कारण अंगणाचा कचरा झाडाखाली गेला की पडलेलं कळत नाही. पडलेल्या कण्या गोळा करून त्या सुपात पसरायच्या. पिवळी पडून देठासकट आलेली एका बाजूला, काळा डाग धरलेली दुसऱ्या बाजूला, चिकट लागणारी तिसऱ्या. पिवळी जास्त असली तर म्हणायच्या, झाडाने टाकली, त्याला झेपत नाहीयेत. काळी जास्त असली तर करपा रोग. चिकट असली आणि पानांवर चिकट खार दिसला तर तुडतुडा आलाय, घरात सांगायचं. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. पुढे मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, पुस्तकं वाचली, दापोलीला कोकण कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यांना वहीपेन घेऊन बसले. त्या सुपातल्या तीन वाट्यांपेक्षा फार वेगळं काही मला कुणी सांगितलं नाही, फक्त त्यामागची कारणं सांगितली.

ती कारणं मी लेखात दिली होती, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्यांच्याबद्दल एक शब्द नाही. पुन्हा सांगते. आंब्याच्या एका मोहोरावर शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात. त्यांतली बरीचशी नुसती नर, त्यांना फळ धरायचंच नसतं. उरलेल्या द्विलिंगी फुलांपैकी ज्यांच्यावर माशीने पराग आणून टाकला तीच धरतात, आणि त्यांतलीही बहुतेक मोहरीएवढी नाहीतर वाटाण्याएवढी असतानाच गळतात. अख्ख्या तुऱ्यावर शेवटी एक आंबा राहिला तरी झाडाचं काम झालं. नवशिके लोक हा सडा बघतात आणि घाबरतात. पुण्याहून एका बाईंचा मला फोन आला होता, रडकुंडीला आल्या होत्या, अंगणातल्या एकुलत्या एका कलमाखाली परातभर कण्या पडल्या म्हणून. वर किती आहेत ते बघा म्हटलं. मोजायला गेल्या तर दीडशेच्या वर निघाल्या. त्या झाडाला तेवढीच पेलणार होती. अशा माणसांसाठी मी लिहिते, महोदय. सहाशे कलमांच्या धन्यासाठी नाही.

गळ कशाने होते याचं एकच उत्तर मी कधी दिलं नाही, आणि म्हणूनच खाली पडलेलं बघा असं सांगते. कणी उभी कापली आणि आतलं बी सुकून तपकिरी दिसलं, तर फलनच नीट झालेलं नाही. फळाला देठाशी धरून ठेवणारं संजीवक त्या कोवळ्या बीमध्येच तयार होतं, बी मेलं की देठाशी सुटायचा थर बनतो आणि फळ हलक्या वाऱ्यानेही पडतं. नुसत्या हापूसच्या बागेत दहा टक्के तरी दुसऱ्या जातींची झाडं ठेवा असं सांगतात ते परागीकरणासाठीच. आमच्या पायरीचं आणि रायवळाचं मोल मला त्यामुळेही आहे. आणि जानेवारी-फेब्रुवारीत थंडी लांबली की हापूसला धरलेल्या फळांच्या शेजारूनच नवा मोहोर फुटतो. पुनर्मोहोर म्हणतात त्याला. झाडाचं सगळं अन्न त्या नव्या तुऱ्याकडे जातं आणि आधीची कणी पटापट गळते. त्यावर जिब्रेलिक आम्ल या दुसऱ्या संजीवकाची पन्नास पीपीएमची (दहा लाख भाग पाण्यात पन्नास भाग) फवारणी सांगितलेली आहे, पण ती मोहोर पूर्ण फुलल्यावर आणि फळ मोहरीएवढं असताना. सुपारीएवढं फळ गळायला लागल्यावर तिचा काही उपयोग नाही. वेळ ओळखायची तर झाडाखाली जावंच लागतं.

पाण्याबद्दल तुम्ही मला खोटं पाडायला निघालात. फळ वाटाण्याएवढं, मग गोटीएवढं, मग अंड्याएवढं असताना पंधरा दिवसांच्या अंतराने पाणी द्यावं, ही शिफारस कृषी विद्यापीठाची आहे, माझ्या डोक्यातून निघालेली नाही. पण मी ती आमच्या जमिनीत वापरून बघितली आहे. वर वीतभर वाळूमिश्रित माती आणि खाली जांभा दगड. पावसाचं पाणी जांभ्यातून निघून जातं आणि फेब्रुवारीच्या शेवटी आळ्यात हात घातला तर राख लागावी तशी माती कोरडी लागते. मार्चमध्ये घाटाकडून गरम वारा आला की दोन दिवसांत कैऱ्या देठाशी सैल होतात. हे मी दरवर्षी बघते. विहिरीजवळच्या कलमाला पाणी आणि पातेरा मिळाल्यापासून त्याच्याखालचा मार्चमधला सडा निम्म्याहून कमी झाला. तुम्ही म्हणता विहिरीमुळे तिथे आधीच ओलावा असेल. असेल. पण विहीर काही आत्ता खणलेली नाही, ती होती तेव्हाही कैऱ्या गळतच होत्या. याहून जास्त त्या मुद्द्यावर मला बोलायचं नाही. प्रयोगशाळा उघडून बसायला मला आणखी झाडं कुठून आणता येणार आहेत?

आणि काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद करा हेही मी लिहिलं होतं, साक्याची, म्हणजे पिकलेल्या आंब्यात गर पांढरट आणि स्पंजासारखा राहण्याची, भीती असते म्हणून. तुम्ही ते वाचलं असेल असं तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटत नाही.

एनएएबद्दल मी लोकांना घाबरवलं म्हणता. मी स्वतः घाबरले आहे, म्हणून जपून लिहिलं. काही वर्षांपूर्वी एका दुकानदाराने मला ती बाटली दिली आणि ‘एका पंपाला झाकणभर टाका, काकू’ म्हणून सांगितलं. बाटलीवरची बारीक अक्षरं मला नीट वाचता आली नाहीत आणि मी विश्वास ठेवला. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून गडग्याजवळच्या हापूसची जी गळ सुरू झाली ती आठ दिवस थांबली नाही. नंतर नातवाने हिशेब मांडून दाखवला. साडेचार टक्क्यांचं ते द्रावण, वीस पीपीएमसाठी दहा लिटर पाण्याला जेमतेम साडेचार मिलिलिटर लागतं. झाकण त्याच्या तिपटीचं होतं. हेच संजीवक कमी मात्रेत फळ धरून ठेवतं आणि जास्त झालं तर फळं पाडतं, सफरचंदाच्या बागांत तर फळं विरळ करायलाच ते वापरतात. त्या वर्षीचं आमचं गळणं केवळ त्यामुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही, पण ज्याच्या घरी मापाचा चमचाही नाही त्या माणसाला ‘एनएए मारा’ एवढंच सांगून मोकळं होणं मला पटत नाही. तुम्ही प्रतिक्रियेत नेमकं तेच केलं आहे. ‘२० पीपीएम एनएए मारा, बाकी सगळं थोतांड.’ पीपीएम म्हणजे काय हे अंगणात एक झाड असलेल्या माणसाने कुणाला विचारायचं? तुम्हाला? तुम्ही तर त्याला आधी त्याची झाडं मोजायला लावाल.

तुडतुडे आणि भुरी यांवर वेगळं लिहायचं ठरवलं होतं, ते पावसाच्या आधी लिहीन. दोन ओळींत उरकले नव्हते, पुढे ठेवले होते.

राहता राहिलं ‘ज्याचं काम त्याला करू द्यावं’. हे वाक्य मी शाळेतही ऐकलं आहे, तपासणीला आलेल्या साहेबांकडून, मुलांना बिया रुजवायला लावल्या तेव्हा. तेव्हा नोकरी होती, मी गप्प बसले. आता मला कुणाच्या शेऱ्याची भीती नाही. आंबा हा कोकणात फक्त बागायतदारांचा कधीच नव्हता. दर घरामागे एखादं तरी झाड होतं, आणि त्या झाडाचं कसं करायचं हे घरातल्या बायकांना माहीत होतं, कारण खाली वाकून वेचायला त्याच जायच्या. तुमच्या सहाशे कलमांचं मूळही कुठल्यातरी परसातल्याच झाडाकडे जात असणार, कलमाची काडी आभाळातून पडत नाही.

तुमच्याकडे माहिती आहे हे मला तुमच्या प्रतिक्रियेतूनच दिसतं. पोटॅशियम नायट्रेटच्या एक टक्का फवारणीबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचकांच्या उपयोगाचं आहे आणि मी ते काढलेलं नाही. पण ते सांगताना समोरच्याला अडाणी ठरवायची काय गरज होती? माझ्या मुलाच्या वयाचे असाल तुम्ही. वडीलधाऱ्या बाईशी घरात असं बोलता का?

यापुढे तुम्हाला एनएएच्या मात्रेबद्दल, पाण्याच्या वेळेबद्दल, तुडतुड्यांबद्दल काही लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. कुणाकडे किती झाडं आहेत याचा हिशेब काढणारी प्रतिक्रिया मात्र मी ठेवणार नाही, ती माझ्याबद्दल असो की आणखी कुणाबद्दल. त्या पुण्याच्या बाईंकडे एकच झाड आहे. परवाच त्यांनी कळवलं, वरच्या फांदीवरच्या कैऱ्या आता अंड्याएवढ्या झाल्यात आणि दोन दिवसांत खाली एकही पडली नाही. पुढचं पाणी कधी द्यायचं म्हणून विचारत होत्या. गुरुवारी, म्हणून सांगितलं आहे.